फुकटाचा हक्क

घरचे माझ्या या उद्योगाला लष्कराच्या भाकऱ्या म्हणतात. मी ग्नोम या मुक्त सॉफ्टवेअरच्या डेस्कटॉपचं मराठी भाषांतर करतो आणि इतरांनी केलेलं तपासतो. पगार नाही, मानधन नाही, वरिष्ठ नाही. बाहेर कुणी विचारलं की मी 'सेवा' म्हणून मोकळा होतो. अलीकडे ते म्हणताना जीभ जरा अडखळते.

ग्नोमची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा येते, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. त्याआधी काही आठवडे पडद्यावरचा मजकूर बदलायला प्रोग्रामरांना मनाई असते. त्या अवधीत आम्ही उरलेल्या स्ट्रिंग, म्हणजे पडद्यावरच्या मजकुराचे तुकडे, संपवायच्या. प्रत्येक अॅपच्या फाइलमध्ये एक स्ट्रिंग अशी असते की तिचं भाषांतर करायचंच नसतं, तिथे भाषांतरकारानं आपलं नाव घालायचं. अॅपची माहिती देणाऱ्या खिडकीत ते दिसतं. फाइल उघडल्यावर मी आधी कुठली ओळ भरतो, हे सांगायला नको. त्यानंतर मेनू, बटणं, जे जे डोळ्यांत भरतं ते. डिस्क भरली, परवानगी नाही, फाइल सापडली नाही, असले संदेश शेवटी, वेळ उरला तर. वास्तविक माणूस अडतो तो तिथेच, आणि त्याच्या भाषेत दोन शब्दांचा आधार हवा असतो तोही तिथेच.

शिवाय माझा स्वतःचा संगणक इंग्रजीत चालतो. त्याला सबब आहे: इंग्रजी संदेश शोधला की उत्तर मिळतं, मराठी संदेश शोधून हाती काही लागत नाही. सबब खरी आहे. पण मग हे कुणासाठी? विचारणाऱ्याला मी खेड्यातल्या शाळेतल्या एका मुलीचा दाखला देतो, जिला इंग्रजी येत नाही. ही मुलगी मी पाहिलेली नाही. तिला काय हवं ते विचारलेलं नाही. ती कधी तक्रार करत नाही, म्हणून मला फार सोयीची आहे.

इतपत अहंकार चालायचा, असं मी बरीच वर्षं मनाला समजावलं. नावासाठी का होईना, काम तर होतं! ते समाधान डळमळलं ते एक्सझेडच्या प्रकरणानं.

एक्सझेड हे फाइली आवळून लहान करण्याचं छोटंसं सॉफ्टवेअर. जगातल्या असंख्य लिनक्स संगणकांवर ते असतं आणि कित्येक वर्षं ते फिनलंडमधला एक माणूस जवळजवळ एकट्यानं, फावल्या वेळात सांभाळत होता. २०२२ मध्ये काही जणांनी त्याच्यामागे लकडा लावला. पाठवलेल्या दुरुस्त्या (पॅच) का घेत नाहीस, नवी आवृत्ती कधी, जमत नसेल तर दुसऱ्याला दे. त्यानं उत्तर दिलं की मानसिक स्वास्थ्याच्या जुन्या तक्रारींमुळे वेग मंदावला आहे, आणि हा बिनपगारी छंद आहे एवढं लक्षात असू द्या. त्यावर एकानं आजाराबद्दल वाईट वाटतं म्हटलं, आणि लगेच जोडलं की लोकांना यापेक्षा जास्त हवं आहे. याच काळात 'जिया टॅन' नावाचा एक मदतनीस मात्र गोड बोलून, नीटनेटके पॅच देऊन जवळ येत होता. हळूहळू प्रकल्पाच्या किल्ल्या त्याच्याही हाती आल्या. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आलेल्या दोन आवृत्त्यांत त्यानं चोरवाट पेरली होती. आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकावर लॉग-इन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतो असं दिसलं, त्यानं पिच्छा पुरवला आणि २९ मार्चला भांडं फुटलं. म्हणून जग वाचलं.

लकडा लावणारी ती खाती बनावट असावीत असं आता बहुतेक जाणकार मानतात. हल्ल्याची हुशारी चोरवाटेच्या कोडमध्ये आहे असं तेच सांगतात, आणि ते खरंही असेल. मला जास्त भीती वाटते ती लकडा लावणाऱ्या त्या पत्रांची. कारण त्यांत परकं काही नाही. तो सूर मुक्त सॉफ्टवेअरच्या आमच्या समाजात रोज लागतो, म्हणून तर तेव्हा कुणाच्या भुवया उंचावल्या नाहीत. खोटी माणसं आमच्यात बेमालूम मिसळली ती आमचीच बोली बोलून. कुठल्याशा सॉफ्टवेअर-लायब्ररीतल्या बगच्या नोंदीवर 'काही प्रगती?' एवढंच विचारून वाट पाहणारा मी. त्या दोन शब्दांमागची चिडचिड मला ठाऊक असते. पलीकडच्या माणसाचं घर, आजारपण, झोप यांचा विचार त्यात नसतो.

उलट माझ्यावर पाळी आली की? नवखा कुणी भाषांतर पाठवतो, ते तपासणीसाठी माझ्याकडे पडून राहतं. त्यानं नम्रपणे विचारलं तरी माझ्या मनात उत्तर तयार असतं: मीही फुकटच करतो बाबा. म्हणजे माझं फुकट ही माझी ढाल, आणि दुसऱ्याचं फुकट हा माझा हक्क. एकाच माणसानं ही दोन्ही वाक्यं एकाच आठवड्यात मनात म्हणावीत, याला सेवा कसं म्हणायचं?

आणि फुकट तरी कसलं? माझी नोकरी सॉफ्टवेअरची आहे. आमची कंपनी जे विकते त्याचा पाया असल्याच फुकट लायब्ररींचा आहे आणि माझा पगार त्यातूनच निघतो. २०१४ मध्ये हार्टब्लीडची चूक उघडकीला आली तेव्हा कळलं की इंटरनेटवरच्या व्यवहारांची कुलुपं बनवणाऱ्या ओपनएसएसएलला थेट देणग्या वर्षाला साधारण दोन हजार डॉलर मिळत. तेव्हा मी हळहळलो होतो. तो प्रकल्प जे फुकट वापरत होते त्यांत मी माझं नाव धरलं नव्हतं. हिशेब मांडला तर माझं भाषांतर हे दान नाही, जुन्या कर्जाचा हप्ता आहे, आणि तोही वेळेवर न भरलेला. हप्ता भरणाऱ्यानं पाटीवर नाव कोरून मागू नये.

नाव मी काढून टाकणार नाही. तेवढा मी मोठा नाही, आणि चुकलेल्या शब्दाचा जाब कुणाला विचारायचा हे लोकांना कळलंही पाहिजे. क्रम मात्र बदलता येईल: आधी नवख्यांचं पडून राहिलेलं काम, मग अडचणीचे संदेश, मेनू त्यानंतर. आणि संगणक मराठीत. तो नकोसा वाटला, तर तो का नकोसा वाटतो हेही त्यातूनच कळेल.

एक्सझेडची चोरवाट काढून टाकलेली ५.६.२ ही आवृत्ती मे २०२४ च्या अखेरीस आली. ती फिनलंडमधल्या त्याच माणसानं काढली.