दुसरा खण

रसायनी हे गावाचं नाव कारखान्यांमुळे पडलं. १९६० साली स्थापन झालेल्या एचओसी या रसायन कंपनीच्या तिथल्या प्रयोगशाळेत माझी नोकरी झाली. तिथे बाटलीवरची चिठ्ठी गळून पडली, की आतलं द्रव्य कितीही शुद्ध असो, आमच्या लेखी ते कामातून गेलं.

निवृत्तीनंतर लॅपटॉपवर डेबियन ही लिनक्स प्रणाली टाकली, अख्खी डिस्क कुलूपबंद केली आणि एका रात्री हौसेने पासवर्ड मराठीत बदलला. सकाळी काळ्या पडद्याने तो मागितला, पण त्याला इंग्रजी कीबोर्डच ठाऊक. मराठी कळफलक डिस्क उघडल्यावर मिळणार आणि डिस्क उघडायला मराठी हवी! शब्द तोंडपाठ, पण सांगायला तोंड नाही.

डिस्क कुलूपबंद करणाऱ्या लक्स (LUKS) या पद्धतीची रचना वाचली तेव्हा कळलं, की डिस्कला खरं कुलूप असतं ते यंत्राने स्वतः घडवलेल्या मूळ किल्लीचं. ती किल्ली डिस्कच्या आरंभी, मथळ्यात, आपल्या पासवर्डखाली झाकलेली असते. प्रत नसताना मथळा पुसला गेला, तर पुढचं एक अक्षरही न हलता सगळं जातं. मग ते आहे म्हणायचं की नाही?

मला महानुभाव आठवले. त्यांनी पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिल्या. एका अक्षराच्या जागी दुसरं. गुरूकडून शिष्याकडे लिपी जात राहिली, म्हणून त्या पोथ्या मठांत जिवंत राहिल्या. बाहेरच्यांसाठी मात्र, इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपी उलगडेपर्यंत, त्या असून नसल्यासारख्याच होत्या.

म्हणून मला वाटतं, ज्ञानाचं असणं वाचणाऱ्यावर टेकलेलं असतं. लपवण्यात पाप नाही, महानुभावांनीही लपवलंच. पण शिष्य न ठेवता लपवणं म्हणजे आपल्या हाताने चिठ्ठी फाडणं.

शेवटी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह डेबियन चालवलं, तिथे मराठी कळफलक लावला आणि डिस्क उघडली. लक्समध्ये एकाच मूळ किल्लीसाठी पासवर्डांचे अनेक खण असतात: जुन्या आवृत्तीत ८, नव्यात ३२ पर्यंत. दुसऱ्या खणात रोमन अक्षरांतला शब्द घातला आणि तो लेकीला सांगितला.

“बाबा, आत एवढं आहे तरी काय?”

“घरखर्चाचे हिशेब, आईचे दवाखान्याचे कागद.”

मथळ्याची प्रतही आता तिच्याच कपाटात आहे.