पाणी कुणाचं आणि पाण्यात काय

आपल्यातला एक पोरगा बी.एस्सी.ला आहे. त्याने वस्तीतल्या हापशाचं पाणी आणि गावातल्या नळाचं पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत भरलं, कॉलेजच्या प्रयोगशाळेत तपासलं, आकड्यांचा तक्ता केला आणि स्पर्धेत मांडला. परीक्षक म्हणाले, "तुम्हा लोकांचं कवितेत चांगलं असतं. आईच्या कष्टावर लिही, बक्षीस नक्की." संध्याकाळी तो आमच्या बैठकीला आला. तिथं आमचाच एक कार्यकर्ता बोलला, "बाटल्यांनी काय क्रांती होणार रे? विद्रोहाची कविता लिही!"

मी गप्प बसलो. ते गप्प बसणं अजून टोचतंय, म्हणून हे लिहितोय.

परीक्षक वेगळा, आमचा दोस्त वेगळा. पण दोघांनी त्या पोराला एकाच जागी नेऊन बसवलं. दुःख तुझं, ते तू सांग. मोजमाप आणि सिद्धान्त दुसरे करतील. मित्रांनो, ही वाटणी नवी आहे का? पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला हेच सांगितलं ना, की अंगमेहनत तुमची अन् डोकं आमचं? आता अंगमेहनतीच्या जागी वेदना आली, एवढाच फरक. 2006 पासून विद्यापीठांत 'आविष्कार' ही संशोधन स्पर्धा होते. भाषा-कला, वाणिज्य, विज्ञान, शेती, अभियांत्रिकी, औषधनिर्माण, सगळ्या शाखांची पोरं त्यात उतरतात. मग आपल्या पोराने एकाच दारातून का शिरायचं?

महाडचंच घ्या. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले. त्यानंतर सवर्णांनी 108 घागरींचा विधी करून, शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळून तळं 'शुद्ध' करून घेतलं. त्या दिवशी कुणी ते पाणी बाटलीत भरून तपासलं असतं, तर शुद्ध कोणतं ठरलं असतं? माणूस प्यायला म्हणून पाणी बाटतं आणि शेण टाकलं म्हणून पवित्र होतं, हे शास्त्र उघडं पाडायला कविता लागते, तशी प्रयोगशाळाही लागते. पाणी कुणाचं हा हक्काचा प्रश्न. पाण्यात काय आहे, हाही हक्काचाच प्रश्न.

आणि बाबासाहेब स्वतः विद्यार्थी असताना काय करत होते? 9 मे 1916, न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ, डॉ. गोल्डनवायझर यांचं मानववंशशास्त्राचं चर्चासत्र. अर्थशास्त्र शिकणाऱ्या 25 वर्षांच्या भीमरावाने तिथं भारतातल्या जातींवर निबंध वाचला. जातीबाहेर लग्न करायचं नाही, यातच जातीचा जीव आहे. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या रूढी त्यासाठीच उभ्या राहिल्या, असं त्यांनी पायरी-पायरीने मांडलं. स्वतःची कहाणी त्यात सांगितली नाही. जे भोगलं त्याच्या मुळाशी काय आहे, ते शोधलं.

मग कहाणी सांगायचीच नाही का? तसंही नाही. 1929 साली अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद म्हणून ते आपल्या खानदेशात आले. धुळ्याच्या लाइनवरच्या एका गावात सवर्णांनी टाकलेल्या बहिष्काराची चौकशी केली आणि चाळीसगावला उतरले. टांगेवाला महाराला न्यायला तयार होईना. वस्तीतल्या माणसांनी टांगा भाड्याने घेतला आणि कधी टांगा न हाकलेला आपलाच एक जण हाकायला बसला. पुलावर घोडा बुजला, बाबासाहेब खाली फेकले गेले, पायाचं हाड मोडलं. तेव्हा ते बॅरिस्टर होते, डॉक्टरेट झालेले होते. पुढे त्यांनी हे सगळं साध्या शब्दांत लिहून ठेवलं. निबंध लिहिणारा आणि ही आठवण लिहिणारा हात एकच.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की एवढं शिकलेला माणूस बहिष्कृत गावात चौकशीला गेला आणि वस्तीच्या माणसांनी बोलावलं म्हणून मुक्कामाला थांबला. ज्यांच्याबद्दल लिहायचं, त्यांच्यात जाऊन बसला.

आता त्या पोराला आणि मलाही एक प्रश्न. तो तक्ता कुठंय? कॉलेजच्या कपाटात. ज्या बाईने हापसा मारून बाटली भरून दिली, ती आजही तेच पाणी पितेय. तिला आकडे सांगितले का? नसतील, तर वस्तीकडून पुरावा घेऊन आपण तो गुणपत्रिकेसाठी वापरला. मग परीक्षकात आणि आपल्यात फरक काय राहिला? कवितेचंही तेच. माय कवितेत आली, टाळ्या आपण घेतल्या. तिला ती वाचून दाखवली का? "तिला काय कळतंय" असं कुणी म्हणू नका. 2018 पासून जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. त्या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं!

म्हणून माझं म्हणणं एवढंच. पोरांनी कविता लिहावी, पाणी तपासावं, जिनिंगच्या मजुरीचा हिशोब मांडावा, अहिराणीतले शब्द गोळा करावेत. शाखा कोणतीही असो, जे वस्तीतून घेतलं ते आधी वस्तीत वाचायचं, मग परीक्षकापुढे. वस्तीने "हे चुकलं" म्हटलं तर दुरुस्त करायचं.

त्या पोराने तक्ता परत मागितलाय. येत्या पौर्णिमेला विहारात वाचणार आहे. बाटल्यांवर हसलेला आमचा दोस्त बायांना बोलवायला घरोघर फिरणार आहे. तिथून कागद ग्रामपंचायतीत न्यायचाय. या वेळी मी गप्प बसणार नाही.

जयभीम.