संगणकावरील चित्र आणि चित्रकाराचा शब्द

गावच्या कलास्पर्धेसाठी संगणकावर चित्र सिद्ध करणाऱ्या तरुणास दोन प्रकारची तयारी करावी लागते. पहिली तांत्रिक. पडद्यावर झळाळणारा निळा रंग कागदावर उतरताच मलूल होतो. कारण पडदा प्रकाशाची बेरीज करतो आणि छपाईची शाई प्रकाश शोषून घेते. इंचामागे ३०० ठिपके धरले तर ए-३ कागदासाठी ३,५०८ बाय ४,९६१ ठिपक्यांचे चित्र लागते. हे कोणीही चार दिवसांत शिकेल. दुसरी तयारी मनाची आहे, व ती नियमपत्रिका वाचून होत नाही.

इंदुरात हा प्रश्न अधिकच टोचावा. होळकरांच्या या नगरीत दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी १९२७ साली चित्रशाळा उभी केली. नारायण श्रीधर बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन, विष्णु चिंचाळकर हे तिचेच विद्यार्थी. हाताच्या शिस्तीचा असा वारसा जेथे आहे, तेथे यंत्रावरील चित्रास चित्रच न मानणारे वडीलधारे भेटले तर नवल नाही. त्यांचा आक्षेप पोकळही नाही. जलरंगात एकदा टेकलेला कुंचला मागे घेता येत नाही. संगणकावर मात्र एक कळ दाबली की चुकलेली रेघ मागमूस न ठेवता नाहीशी होते. जेथे जोखीम नाही तेथे कसली साधना, असे ते विचारतात.

आम्हांस हे पटत नाही. तैलरंगातील चूकही खरवडून पुन्हा रंगविता येतेच. शिवाय जेथे प्रत्येक रेघ पुसता येते, तेथे कोठे थांबावे हे ठरविणे अधिकच कठीण; शंभर पर्यायांतील नव्याण्णव टाकून देण्यास धैर्य लागते. मडगावचे दीनानाथ दलाल ठसे आणि छापखान्याच्या द्वारे घरोघरी पोहोचले, म्हणून ती चित्रे छापखान्याची आहेत असे कोणी म्हटले नाही.

पण आता यंत्र केवळ रेघ ओढून थांबत नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या जत्रेत २०२२ साली डिजिटल विभागातील पहिले पारितोषिक जेसन ॲलन यांच्या चित्रास मिळाले. ते मिडजर्नी या प्रणालीस शब्दांनी सूचना देऊन करवून घेतलेले होते. सूचना सहाशेहून अधिक वेळा बदलल्याचे त्यांनी सांगितले. तेव्हा श्रम नव्हते असे नाही. प्रणालीचे नावही त्यांनी लपविले नव्हते, मात्र त्या नावाचा अर्थ परीक्षकांस ठाऊक नव्हता. पुढे २०२३ साली तेथील कॉपीराइट कार्यालयाने चित्राची नोंदणी नाकारली. यंत्राने घडविलेल्या भागावरील दावा सोडण्यास ॲलन तयार नव्हते.

येथे आम्हांस चिंचाळकर गुरुजींची आठवण होते. वाळकी पाने, काटक्या, टाकाऊ वस्तू यांतून ते चित्रे घडवीत. पानाचा आकार त्यांनी निर्माण केला नव्हता. निसर्गाने तो आयता दिला होता. मग कर्तृत्व कोणाचे? पाहणाऱ्यास पान पान म्हणूनच दिसे, आणि त्याच क्षणी ते दुसरे काहीतरीही होई. उसने काय आणि आपले काय, हे चित्रच उघडपणे सांगत असे. यंत्राने रचलेले चित्र हे सांगत नाही. असंख्य अनामिक चित्रकारांचे काम पचवून ते तयार होते, आणि पृष्ठभागावर त्याची एकही खूण राहत नाही. जे चित्र सांगत नाही, ते मग चित्रकारानेच सांगावयास हवे. यंत्र वापरणे हा आमच्या मते दोष नव्हे. दोष या मौनाचा आहे. प्रदर्शनात असे मौन एक वेळ खपेल, स्पर्धेत मात्र त्याची किंमत दुसऱ्यालाच मोजावी लागते.

म्हणून अशा तरुणास आम्ही म्हणू, की सर्व थरांसह मूळ फाइल जपून ठेव, आणि चित्राखाली दोन ओळींत लिही: रेखाटन कोणाचे, छायाचित्र कोठून घेतले, यंत्राकडून काय करवून घेतले. ही चिठ्ठी वाचून एखादा परीक्षक चित्र बाजूला ठेवीलही. ती भीती निराधार आहे असे खोटे आश्वासन आम्ही देणार नाही. पण शेजारच्या चौकटीतील चित्रासाठी ज्या मुलीने महिनाभर रात्री जागविल्या, तिलाही ती चिठ्ठी वाचता आली पाहिजे.