आज्ञापालन आणि उत्तरदायित्व

पोलीस अ‍ॅक्शनचा विषय निघाला की हैदराबादच्या जुन्या मराठी घरांत रझाकारांच्या आठवणी निघतात आणि बोलणे बहुधा तेथेच थांबते. नलगोंडा-वरंगळच्या रानांत त्याच सुमारास चाललेला सशस्त्र लढा हा तेलुगू शेतकऱ्यांचा, आपला त्याच्याशी संबंध नाही, अशी आपली समजूत. परंतु ज्या कम्युनिस्ट पक्षाने तो लढा चालविला त्याची सूत्रे १९४८ मध्ये एका मराठी माणसाच्या हाती होती, आणि त्या सूत्रांसाठी पुढे जो झगडा झाला त्याची किंमत तेलंगणातील खेड्यांनी मोजली.

घटनाक्रम थोडक्यात असा. फेब्रुवारी-मार्च १९४८ च्या कलकत्ता अधिवेशनात पूरणचंद जोशी यांचे सरचिटणीसपद जाऊन ते बी. टी. रणदिवे यांच्याकडे आले. रणदिव्यांचा भरवसा शहरांतील कामगारांच्या उठावावर होता. ९ मार्च १९४९ चा रेल्वे संप फसला तरी तो ढळला नाही. आंध्रातील नेत्यांना मात्र खेड्यांतून पुढे सरकणारा चिनी मार्ग जवळचा वाटे. त्यांना उत्तर देताना रणदिव्यांनी माओंवरही टीका केली. जानेवारी १९५० मध्ये कॉमिन्फॉर्मच्या मुखपत्राने त्याच चिनी मार्गाची वाखाणणी केली आणि रणदिव्यांचा आधार तुटला. त्या वर्षी चंद्र राजेश्वर राव सरचिटणीस झाले, तर पुढच्याच वर्षी अजय घोष. ऑक्टोबर १९५१ मध्ये लढा मागे घेण्यात आला.

पक्षाच्या परिभाषेत याला 'लाइन' बदलणे म्हणतात. शब्द सोयीचा आहे. जुनी लाइन एका नेत्याच्या नावे लिहिली जाते, त्याला पदावरून दूर केले की ती चूक फिटली असे मानतात, आणि त्या चुकीची अंमलबजावणी ज्यांनी निष्ठेने केली ते सर्व निर्दोष ठरतात. पदच्युत झालेल्यांनाही पुढे वाट मिळालीच. पक्षातून काढलेल्या जोशींना परत घेतले गेले. राजेश्वर राव १९६४ पासून १९९० पर्यंत भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस राहिले. रणदिवे मार्क्सवादी पक्षाचे आणि सीटूचे अग्रणी झाले. याबद्दल कोणी असूया बाळगू नये. पण पुच्चलपल्ली सुंदरय्या यांच्या हिशेबानुसार या लढ्यात चार हजारांपर्यंत माणसे मारली गेली, दहा हजारांहून अधिक तीन-चार वर्षे कोंडून पडली. त्यांच्यापैकी कोणाला नेतृत्व बदलताना विचारले गेले होते?

वरून आलेली आज्ञा पाळली, एवढ्याने माणसाचे उत्तरदायित्व संपते का, हा येथे खरा प्रश्न आहे. निजामाविरुद्ध शस्त्र उचलण्याचे ११ सप्टेंबर १९४७ चे आवाहन ज्या तिघांच्या नावे निघाले त्यांत मखदूम मोहिउद्दीन आणि बद्दम येल्ला रेड्डी यांच्यासह रावी नारायण रेड्डी होते. निजामाची सत्ता गेल्यावर भारतीय सैन्याशी लढणे व्यर्थ आहे, शस्त्रे खाली ठेवावीत, असे त्याच रेड्डींचे मत झाले. आपल्या शब्दावर जे रानात गेले ते अजून रानातच, आणि पक्षशिस्त सांगते, मत मांडा पण आज्ञा पाळा. महाभारतातील विकर्णाने नेमके हेच केले होते. सभेत द्रौपदीच्या बाजूने बोलला आणि युद्धात कौरवांकडून पडला. आपण त्याला सज्जन म्हणतो खरे, पण त्याच्या सज्जनपणाने द्रौपदीचे काय साधले हे विचारत नाही.

रेड्डींनी विकर्णाचा मार्ग सोडला. सुंदरय्यांनी पुढे लढ्याचा इतिहास लिहिताना या विरोधावर कठोर टीका केली, आणि ती झटकून टाकता येत नाही. लढणाऱ्याच्या पाठीमागे त्याच्या लढाईलाच निरर्थक म्हटले गेले तर त्याचे बळ खचते. तरीही माझा कौल रेड्डींकडे जातो. त्या आवाहनाखाली त्यांचे नाव होते. ते मागे घ्यावे असे वाटू लागल्यावर गप्प बसण्याचा अधिकार त्यांनाच सर्वांत कमी होता. समितीच्या बंद खोलीत मत नोंदवून ठेवणे ही स्वतःच्या विवेकाची सोय झाली, रानातल्या माणसाची नव्हे.

१९५२ च्या निवडणुकीत नलगोंड्याने रेड्डींना जवाहरलाल नेहरूंपेक्षाही अधिक मते देऊन लोकसभेत पाठविले. त्यांच्या चाहत्यांनी हा आपल्या भूमिकेचा विजय मानला. मला तसे वाटत नाही. तेथील मतदारांनी लढ्याला दिलेले मतही त्याच पेटीत पडले होते, आणि ते वेगळे काढता येणार नाही.

सुंदरय्यांचा इतिहास १९७२ मध्ये आला, रेड्डींचे पुस्तक १९७३ मध्ये. तोवर पक्ष दुभंगून दोघे दोन पक्षांत गेले होते. ज्यांना या वादात रस वाटेल त्यांनी दोन्ही एकापाठोपाठ वाचावीत, सुंदरय्यांचे आधी. गावोगाव कोण कसे मारले गेले याच्या हकिकती त्यात आहेत.