पाणी पडतंय, मग झालं?

मामाच्या ट्रॉलरचं इंजिन मे महिन्यात तापायला लागलं. १५०० आर.पी.एम.पर्यंत सगळं ठीक, त्यापुढे नेलं की काटा हळूहळू ९५च्या पुढे सरकायचा आणि बजर वाजायचा. सीझनचे शेवटचे दिवस होते. १ जूनला पश्चिम किनाऱ्यावर ६१ दिवसांची मासेमारी बंदी लागते, त्यामुळे मेमधली एक खेप चुकली की ती थेट ऑगस्टपर्यंत चुकते. मेस्त्री आला. त्याने एक होज काढून पाणी येतंय का ते बघितलं, पुन्हा लावला, मग थर्मोस्टॅट काढून खिशात घातला. मामाने बजरची वायर कापली. उरलेल्या खेपा इंजिन हळू चालवून मारल्या. बंदी लागली, बोट खाडीत आली, तिच्यावर ताडपत्री चढली आणि प्रश्नही तिच्याखाली झाकला गेला.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मी लॅपटॉप घेऊन देवगडला गेलो. सहज विचारलं, तेव्हा मामा म्हणाला, "बजर काढून टाकलंय. उगाच बोंब मारता." आणि इंजिन? "पाणी पडता ना? मग झाला."

मला बोटीतलं फारसं कळत नाही. पण 'अलर्ट बंद केला, आता शांत आहे' हे वाक्य मी ऑफिसमध्ये इतक्यांदा ऐकलंय, आणि खरं सांगायचं तर बोललोय, की मला लगेच घाम फुटला.

आधी ही भानगड थोडक्यात सांगतो. कारला पुढून वारा लागतो, बोटीच्या पोटातल्या इंजिनाला कुठून लागणार? म्हणून तिथे दोन पाणी असतात. एक गोडं, कूलंट मिसळलेलं, जे इंजिनाच्या आत फिरत राहतं. दुसरं खारं, जे समुद्रातून येतं. तळाच्या व्हॉल्व्हमधून आत, गाळणीतून, म्हणजे स्ट्रेनरमधून पंपाकडे, पंपातून गिअरबॉक्सच्या ऑइल कूलरमध्ये, तिथून हीट एक्स्चेंजरमध्ये आणि मग कडेच्या पाइपातून धार धरून बाहेर. एक्स्चेंजरमध्ये बारीक नळ्यांची जुडी असते. नळीच्या आत खारं, बाहेर गोडं. दोघं भेटत नाहीत, फक्त उष्णता इकडून तिकडे जाते. खाऱ्या पाण्याच्या पंपात रबराचं चाक असतं, इम्पेलर, त्याला फुलासारखी लवचिक पाती. पाणी नसताना हा पंप फिरला तर रबर बघता बघता जळतं, कारण पाणी हेच त्याचं वंगण. रापणीला आलेली प्लॅस्टिकची पिशवी तळाच्या भोकावर चिकटली तरी तेवढं पुरतं.

तापण्याची कारणं डझनभर असू शकतात, पण इंजिन कधी तापतं यावरून बरंच कळतं. हळू चालताना थंड आणि जोर दिल्यावरच गरम, म्हणजे बहुधा व्यवस्था चालू आहे पण पुरी पडत नाहीये. पाणी कमी येतंय किंवा नळ्या चोंदल्यात. थर्मोस्टॅटवर अशा वेळी उगाच आळ येतो. तो काढला की इंजिन थंडीतून वर यायला जास्त वेळ लागतो, काटा उशिरा चढतो आणि आपल्याला वाटतं फरक पडला. वर डिझेल इंजिन थंड चाललं की इंधन नीट जळत नाही, धूर होतो, झीज होते. म्हणजे दुखणं तसंच आणि औषधाचा त्रास वेगळा.

काट्यावर तरी विश्वास ठेवायचा का? मी इन्फ्रारेड थर्मामीटर नेला होता, ती पिस्तुलासारखी वस्तू. ती चकचकीत धातूवर कमी तापमान दाखवते, म्हणून जागोजागी काळी इन्सुलेशन टेप चिकटवून मापं घेतली. काटा खरा निघाला. पण त्याच्याबद्दल एक गोष्ट मेस्त्रीने सांगितली ती मला रात्रभर छळत होती. आतलं गोडं पाणीच निघून गेलं तर सेन्सर कोरडा पडतो, आणि मग इंजिन जळत असताना काटा खाली येऊ शकतो. सगळ्यात वाईट बातमी चांगल्या बातमीच्या कपड्यांत येते.

बोट धक्क्याला बांधून, गिअर टाकून जोर दिला. धार पडत होती, पण मरतुकडी. पंप उघडला. इम्पेलरला आठ पाती असायला हवी होती, सहा होती. मामाचा चेहरा उजळला, मेस्त्रीचाही. कारण सापडलं! नवा इम्पेलर देवगडातच मिळाला, अर्ध्या तासात बसला, धार अशी पडायला लागली की शेजारच्या बोटीवरचा खलाशी ओरडला. १८०० आर.पी.एम.ला अर्धा तास चालवलं, काटा शांत.

मी विचारलं, दोन पाती गेली कुठे?

प्रश्न हुशारीचा नव्हता. आमच्याकडे एखादी प्रोसेस मेली की तिने धरून ठेवलेलं काय काय राहिलं हे बघायची सवय लागते, तेवढंच. रबराचं तुटलेलं पातं विरघळत नाही, ते पाण्याबरोबर पुढे जातं. एक्स्चेंजरच्या नळ्या पात्यापेक्षा बारीक, म्हणजे त्यातून पार होणं शक्य नाही. मेस्त्री थोडा कुरकुरला, पण त्याने एक्स्चेंजरचं झाकण उघडलं. नळ्यांच्या तोंडाशी शिंपल्यांचा चुरा, क्षार आणि रबराचे तुकडे. दोन नव्हे, तीन.

इथे मेस्त्री हसला. दोन शोधत होतो, तीन मिळाले, व्याजासकट! मी ते तिन्ही तुकडे जुन्या इम्पेलरच्या तुटलेल्या कडांना लावून पाहिले. एक तंतोतंत बसला. उरलेले दोन बसले नाहीत, त्यांचं रबरही वेगळं, कडक आणि चिरा पडलेलं. ते आधीच्या कुठल्यातरी इम्पेलरचे होते. म्हणजे पूर्वी कधीतरी याच पंपाची पाती तुटली होती, कुणीतरी नवा इम्पेलर बसवला होता, धार पडलेली पाहिली होती आणि 'झाला' म्हटलं होतं. तेव्हापासून दोन नळ्यांची तोंडं बंद होती आणि बोट आठ माणसांना घेऊन ये-जा करत होती.

आणि आमचं दुसरं पातं अजून बेपत्ता होतं. राहण्याजोगी जागा एकच, मधला गिअरबॉक्सचा ऑइल कूलर किंवा त्याच्या अलीकडचं वळण. कूलरचा नट मिठाने आणि गंजाने असा धरला होता की मेस्त्री म्हणाला, जोर लावला तर तुटेल. तुटला तर कूलर मुंबईहून येईल, चार-पाच दिवस. तारीख होती २९ जुलै.

इथून पुढे मला इंजिनापेक्षा वेगळ्या गोष्टीचा विचार करावा लागला. त्यासाठी एक माणूस हाताशी होता.

विल्यम किंग्डन क्लिफर्ड हे नाव मला ग्राफिक्सच्या नादात सापडलं. त्रिमितीतली फिरवाफिरव करणारी जी गणितं आहेत, त्यातल्या एका बीजगणिताला त्याचं नाव आहे. नंतर कळलं की या गणितज्ञाने १८७७ साली श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध छापला, आणि त्याची सुरुवात बोटीपासून होते. एक जहाजमालक. जहाज जुनं, वारंवार दुरुस्त केलेलं, आणि त्यातून देश सोडून जाणारी कुटुंबं न्यायची आहेत. त्याच्या मनात शंका येतात. पण डागडुजीचा खर्च मोठा. मग तो स्वतःला समजावतो, इतक्या फेऱ्या मारल्या, ही पण मारेल. देव आहे. शंका मागे पडतात, तो अगदी मनापासून निर्धास्त होतो. जहाज बुडतं, तो विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्ड म्हणतो, हा माणूस दोषी आहे, त्याचा विश्वास प्रामाणिक असला तरी, कारण हातातल्या पुराव्यावर तसा विश्वास ठेवायचा त्याला हक्कच नव्हता. आणि पुढे जे म्हणतो ते खरं जिव्हारी लागणारं आहे. समजा जहाज सुखरूप पोचलं असतं. तरीही तो तेवढाच दोषी. फक्त पकडला गेला नसता.

ही कल्पनेतली गोष्ट नव्हती. नादुरुस्त, जास्त भरलेली जहाजं समुद्रात धाडण्यावरून त्या काळी इंग्लंडात सॅम्युएल प्लिमसॉलने रान उठवलं होतं, १८७६च्या कायद्याने जहाजावर भार-रेषा सक्तीची झाली. खुद्द क्लिफर्ड १८७० साली सूर्यग्रहण बघायला जाताना सिसिलीजवळ जहाज फुटून वाचला होता. त्यामुळे त्याचं ऐकावंसं वाटतं.

तरी मामा त्या जहाजमालकात बसत नाही. क्लिफर्डच्या मालकाकडे शंका होती आणि त्याने ती दाबली. आमच्या बोटीवर अख्खी शंका कुणाकडेच नव्हती. थर्मोस्टॅट मेस्त्रीने काढला, बजर मामाने, जुनी दोन पाती कुणा तिसऱ्याने सोडली, इंजिन हळू चालवायची सवय तांडेलने लावून घेतली. प्रत्येकाने शंकेचा एकेक तुकडा उचलून बाजूला ठेवला, आणि प्रत्येकाचं कारण समजण्यासारखं होतं. माझ्या टीममध्येही एक सर्व्हिस रोज पहाटे ३ वाजता आपोआप रीस्टार्ट होते. मेमरी का गळते ते कुणालाच माहीत नाही. ज्याने ती ओळ लिहिली तो कंपनी सोडून गेला. दोषी कोण? क्लिफर्डची फूटपट्टी लावायची तर ती धरायची कुणावर, इथेच घोळ होतो.

दुसरी अडचण चौकशीच्या किमतीची. विल्यम जेम्सने १८९६च्या व्याख्यानात क्लिफर्डला उलट विचारलं होतं, की काही निर्णय पुराव्यासाठी थांबत नाहीत, न घेणं हाही निर्णयच असतो, मग माणसाने काय करावं? मामाने जेम्स वाचलेला नाही, पण तो म्हणाला, "तुझा बरोबर असा. पण एक तारीख माझ्यासाठी थांबाची नाय." खलाशांना ॲडव्हान्स दिलेला, डिझेल सांगितलेलं, बर्फ सांगितलेला, पहिल्या खेपेचा भाव वेगळा. शिवाय मेस्त्रीने एक छान शक्यता मांडली. मेमध्ये होज काढला होता ना, तेव्हाच तो तुकडा बाहेर पडला असेल. असेलही! त्यात अशक्य काही नव्हतं. फक्त ते गृहीत धरायला आम्हा सगळ्यांना इतकं आवडत होतं की मला त्याचीच भीती वाटली.

मला वाटतं जेम्सची सवलत मामाला अर्धीच मिळते. पुरावा अपुरा असताना पाऊल टाकायला हरकत नाही, रोज टाकतोच आपण. पण 'जातोय' आणि 'ठीक आहे' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं म्हणायला धाडस पुरतं, दुसरं म्हणायला माहिती लागते. मामाने पहिलं म्हणावं, दुसरं नको. आणि ज्यांच्या जिवावर पहिलं म्हणायचं, त्यांना सांगून म्हणावं.

हे मी मामाला बोललो, इतक्या नेटक्या शब्दांत नाही. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सात जणांका सांगून काय करू? ते नाय म्हणतले काय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. खलाशांपैकी चौघे नेपाळचे. ॲडव्हान्स घरी पाठवून झालेला. त्यांना सांगणं म्हणजे त्यांची परवानगी घेणं नव्हे, ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या हो ला काय किंमत? फार तर माझ्या मनावरचं ओझं त्यांच्या मनावर गेलं असतं. मी बुधवारच्या बसने पुण्याला जाणार होतो. शेवटी बोटीत मी नसणार होतो, ही गोष्ट माझ्या प्रत्येक वाक्याला चिकटलेली होती.

जे झालं ते असं. नट तोडला नाही. एक्स्चेंजरच्या नळ्या बारीक सळीने एकेक साफ केल्या, नवा थर्मोस्टॅट बसवला, बजरची वायर जोडली. कूलरच्या दोन्ही टोकांना टेप लावून मापं घेतली, भिंतीवर खडूने लिहिली. तांडेलला मी सगळं सांगितलं, तो तुकडा वळणात आडवा पडला असेल तर पाणी जातं, उभा राहिला तर अडतं, हेही. त्याने ऐकलं, नट कुठला ते विचारलं, त्याच्यावर लाल ऑइल पेंटचा ठिपका लावला आणि तिन्ही तुकडे तारेत ओवून केबिनमध्ये खिळ्याला अडकवले. खलाशांना त्याने काय सांगितलं मला माहीत नाही. थर्मामीटर मी तिथेच ठेवला.

१ ऑगस्टला समुद्र खवळलेला होता, कुणीच गेलं नाही. बोट नारळी पौर्णिमेनंतर गेली. चार-पाच दिवस वाया गेलेच होते, त्यात कूलर मुंबईहून आला असता. हे मी मामाला बोलून दाखवलं नाही.

सप्टेंबरात फोन केला. म्हाकूल बरं मिळतंय म्हणाला. काटा किती? "ब्याऐंशी." धार? "बरी पडता." मी विचारलं, आणि तो दुसरा तुकडा?

"कसलो तुकडो?" मामा म्हणाला.