भूगर्भभेदी बॉम्ब आणि हेतूची शुद्धता

जमिनीत खोल शिरून मग फुटणाऱ्या प्रचंड बॉम्बची कल्पना ब्रिटिश अभियंते बार्न्स वॉलिस यांनी १९४१ मध्ये सविस्तर मांडली. उघड्यावरच्या स्फोटाची बरीच शक्ती हवेत विरून जाते. तोच स्फोट जमिनीच्या पोटात झाला, तर भूकंपासारखा हादरा बसून वरच्या बांधकामाचा पाया निखळतो. त्यासाठी जाड पोलादी कवच, निमुळते टोक, मोठी उंची आणि उशिरा पेटणारा फ्यूज लागतो. सुमारे ५,४०० किलोचा ‘टॉलबॉय’ जून १९४४ मध्ये फ्रान्समधील सोम्यूरच्या रेल्वे बोगद्यावर पडला. जवळपास १०,००० किलोच्या ‘ग्रँड स्लॅम’ने मार्च १९४५ मध्ये जर्मनीतील बीलेफेल्डचा रेल्वेपूल कोसळवला.

या शस्त्राची नैतिक बाजू तेव्हा भक्कम वाटली, याला कारण होते. त्याच काळात ब्रिटिश हवाई दल जर्मन शहरे सरसकट जाळत होते. चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल यांनी फेब्रुवारी १९४४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये त्याविरुद्ध आवाज उठवला. हिटलरशी लढण्याला त्यांचा विरोध नव्हता. सैनिक आणि नागरिक यांतला भेद पुसला जातो, हा त्यांचा आक्षेप होता. नेमक्या पुलावर पडणारा बॉम्ब तो भेद पाळतो, असे म्हणता येत होते.

या युक्तिवादामागे ख्रिस्ती नीतिविचारातील दुहेरी परिणामाचे तत्त्व आहे. त्याचे मूळ तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस यांच्या आत्मसंरक्षणाच्या विवेचनात सापडते. कृती मुळात वाईट नसेल, निष्पापांचा मृत्यू हा तिचा हेतू किंवा साधन नसेल आणि साधणारे हित होणाऱ्या हानीच्या तोलाचे असेल, तर त्या हानीचा दोष कर्त्याला लागत नाही. मात्र हे तत्त्व एक गोष्ट गृहीत धरते: आपण कशावर घाव घालतो आहोत, हे कर्त्याला ठाऊक असते. पूल डोळ्यांना दिसतो. जाड काँक्रीटखाली कोण आहे, ते दिसत नाही.

आखाती युद्धात, १३ फेब्रुवारी १९९१ च्या पहाटे, बगदादमधील आमिरिया येथे हीच उणीव उघडी पडली. अमेरिकेच्या दोन लेझर-मार्गदर्शित बॉम्बांनी तेथील निवाऱ्याचे छत भेदले. ते लष्करी नियंत्रण केंद्र असल्याचा अमेरिकेचा दावा होता. आत आसरा घेतलेले चारशेहून अधिक नागरिक मृत्युमुखी पडले, त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. नेम अचूक होता. चुकले ते ज्ञान, आणि अचूक नेमामुळे ती चूक अधिकच जीवघेणी ठरली.

म्हणूनच अमेरिकी राजकीय विचारवंत मायकेल वॉल्झर यांनी १९७७ मध्ये या तत्त्वाला घातलेली पुस्ती मोलाची आहे. नागरिकांना मारण्याचा हेतू नव्हता, एवढे म्हणून भागत नाही. त्यांची हानी टाळण्यासाठी प्रसंगी स्वतःच्या सैनिकांचा धोका वाढवून झटावे लागते, असे ते सांगतात. भूगर्भभेदी बॉम्बच्या बाबतीत याचा अर्थ सरळ आहे: आत काय आहे याची खात्री करण्याचा भार बॉम्ब टाकणाऱ्यावर आहे, आत असलेल्यांवर नाही. जून २०२५ मध्ये इराणच्या फोर्दो येथील डोंगराखालच्या अणुकेंद्रावर अमेरिकेने प्रत्येकी सुमारे १३,६०० किलोचे बॉम्ब टाकले. भेदनशक्ती एवढी वाढली म्हणून हा भार हलका होत नाही.

जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या प्रोटोकॉलने हेच बंधन कायद्याच्या भाषेत घातले: एरवी नागरी वापरात असलेल्या वास्तूबद्दल शंका असेल, तर ती नागरीच मानावी. अमेरिकेने सही करूनही या प्रोटोकॉलला अनुमोदन दिलेले नाही. भारतही त्यात सामील नाही.