निष्कलंक माणसाचं काय करायचं?

क्रांतीच्या कादंबरीला नायक कसा हवा? वॉल्टर स्कॉटचं १८१४ सालचं उत्तर होतं: कच्चा. त्याचा एडवर्ड वेव्हर्ली १७४५च्या जॅकोबाइट बंडात शिरतो तो मतं पक्की झाली म्हणून नव्हे. डोक्यात पुस्तकी स्वप्नं आहेत, आणि स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखाने नि तिथल्या माणसांनी त्याला भुरळ घातली आहे, म्हणून. ते बंड गेलेली गादी परत मिळवण्यासाठी होतं, त्याला क्रांती म्हणणं जिवावर येतं. पण साचा तिथे पडला. नायक धरसोड वृत्तीचा असल्यामुळे वाचकाला दोन्ही छावण्यांत हिंडून येता येतं. पुढे गेओर्ग लुकाचने याच सामान्य नायकाची भरभरून तरफदारी केली. तीही १९३७च्या सुमारास मॉस्कोत बसून, जिथे त्या वेळी खटल्यांमागून खटले चालले होते.

डिकन्सने १८५९ सालच्या आपल्या फ्रेंच क्रांतीवरच्या कादंबरीत दोष नायकाच्या चारित्र्यात घातला. सिडनी कार्टन दारुडा, आळशी, स्वतःवरच वैतागलेला. पण त्याच्या दारूचा क्रांतीशी काडीचा संबंध नाही. पॅरिसमध्ये गिलोटिन नसतं तरी तो प्यायलाच असता. क्रांती त्याला फक्त मरण्यासाठी एक उदात्त जागा मिळवून देते. मला हे नेहमीच थोडं सोयीचं वाटत आलं आहे.

खरी उडी अनातोल फ्रान्सची. द्रेफ्यूस प्रकरणात झोलाच्या बाजूने उभा राहिलेला, समाजवाद्यांच्या गोटातला हा लेखक. १९१२ साली त्याने फ्रेंच क्रांतीतल्या दहशतीच्या काळावर कादंबरी लिहिली, ‘देवांना तहान लागली आहे’ अशा अर्थाच्या नावाची. नायक एव्हारिस्त गामलँ हा गरीब चित्रकार. तो दारू पीत नाही, पैसे खात नाही, कच खात नाही. पावासाठी तासन्‌तास रांगेत उभा राहतो, मिळालेल्यातला अर्धा एका भुकेल्या लेकुरवाळीला देतो आणि घरी येऊन आईला सांगतो, माझा वाटा मी वाटेतच खाल्ला. असा माणूस क्रांतिकारी न्यायाधिकरणावर ज्यूरी म्हणून नेमला जातो. पुढे आपल्या प्रेयसीला, एलोदीला, कोणे एके काळी फसवणारा हाच, अशा समजुतीने तो एका तरुण उमरावाला गिलोटिनवर पाठवतो. माणूस भलताच असतो. सख्ख्या बहिणीच्या प्रियकरासाठीही त्याला पाझर फुटत नाही. आणि एकदा बागेत एका लहान मुलाला जवळ घेऊन तो मनापासून म्हणतो की तुला सुखाने जगता यावं म्हणून मी क्रूर झालो आहे.

अर्धा पाव देणारा आणि मुंडकी उडवणारा, हे दोघे वेगळे नाहीत. लोकांसाठी पोटाला चिमटा घेणं आणि लोकांसाठी बहिणीच्या प्रियकराला मारणं, गामलँच्या लेखी एकाच कर्तव्याची दोन कामं. इथे दोष सद्गुणातूनच उगवतो, आणि तोच क्रांतीचं यंत्र चालवतो. डिकन्सला हे सुचणं शक्य नव्हतं. त्याच्याकडे दोष म्हणजे धुऊन काढायची गोष्ट.

आपल्याकडे इनामदारांनी ‘झेप’मध्ये (१९६३) त्रिंबकजी डेंगळ्यांसारखा बदनाम माणूस नायक केला, हे धाडसच. पण त्या लेखणीचा ओढा डागामागचा माणूस दाखवण्याकडे. गामलँची अडचण उलटी आहे: त्याच्यावर डागच नाही.

१९९२ साली हिलरी मँटेलची ‘अ प्लेस ऑफ ग्रेटर सेफ्टी’ आली. तिने काल्पनिक मधला माणूस बाजूला सारून थेट इतिहासातले तिघे उचलले: दांतोन, रोबेस्पिएर आणि कामीय देमुलँ. दांतोन लाचखाऊ; तोतरा, उधळा कामीय कधी काय लिहील याचा भरवसा नाही. रोबेस्पिएर त्याचा शाळासोबती, त्याच्या लग्नातला साक्षीदार. आणि एप्रिल १७९४मध्ये कामीयला गिलोटिनवर नेणाऱ्या निर्णयात सामील. मँटेल हे सगळं स्वयंपाकघरातल्या कुजबुजीइतक्या जवळून ऐकवते.

माझी तक्रार कामीयबद्दल आहे. तो इतका गमत्या, इतका लाघवी की त्याचं सगळं पोटात घालावंसं वाटतं. १७८९मध्ये दिव्याच्या खांबाला माणसं टांगण्याचं समर्थन त्यानेच छापलं होतं. क्रांतीतल्याच विरोधी गटातल्या ब्रिसोला आणि त्याच्या साथीदारांना मरणाची शिक्षा झाली तेव्हा, माझ्या लेखणीने यांना मारलं म्हणून तोच रडला. गामलँ वाचताना आपण दचकून मागे सरतो. कामीय वाचताना त्याच्या बाजूने उभे राहतो, आणि तेवढ्यात ब्रिसोची गाडी निघून गेलेली असते.